सावलीतल्या पाट्या

आमच्या थोरल्या भाऊजींचं नाव विचारलंत तर गावात कुणीही डोकं खाजवेल. पण ‘पाटीवाले’ म्हणा, हातातलं काम टाकून माणूस तुम्हाला आमच्या दारापर्यंत आणून सोडेल. रस्त्याच्या कडेला लोखंडी खांबावर पाट्या असतात ना, ‘या ठिकाणी अमुक घडले’, ‘येथे तमुक उभे होते’ असं सांगणाऱ्या, त्या आमच्या गावात सगळ्या भाऊजींनी उभ्या केल्या. नोकरी पालिकेची. मजकूर शाळेतल्या इतिहासाच्या बाईंचा. बाकी अक्षर भाऊजींचं, रंग भाऊजींचा, खांब त्यांचा आणि खांबासाठी खणलेला खड्डाही त्यांचाच.

रोज चार ओळी लिहायची मला सवय आहे. देवाची आठवण, घरातली दुखणीखुपणी, कुणाचं चांगलं झालं ते. भाऊजींवर लिहायचं कधीपासून मनात होतं. गावभरच्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाची पाटी कोण लिहिणार?

माणूस उंच, किडकिडीत, स्वतःच खांबासारखा. नखांत कायम पांढरा रंग. कुठे काही तिरकं दिसलं की जीव कासावीस. जेवता जेवता भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं तर घास ताटात ठेवून उठणार, सरळ करणार, दोन पावलं मागे जाऊन बघणार आणि मग जेवणार. आमच्या जाऊबाई म्हणायच्या, “या घरातलं सगळं सरळ करून झालं. तेवढी मीच वाकडी राहिलेय.”

संध्याकाळी हातात ओलं फडकं घेऊन ते पाट्यांची तोंडं पुसायला निघायचे. “पोरांची नाकं कधी पुसली नाहीत,” जाऊबाई मागून ओरडायच्या, “आणि लोखंडाचे लाड बघा!” भाऊजींना ऐकू जायचं नाही. ऐकू न जाण्याची कला त्यांना फार चांगली साधली आहे.

त्यांचा खरा आनंद वेगळाच. पाटीपासून थोडं लांब, कुणाला कळणार नाही असं उभं राहायचं आणि वाचणाऱ्याकडे बघायचं. कुणी दोन ओळी वाचून पुढे गेला की त्यांचा चेहरा पडायचा. पण कुणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, की त्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या कळायचं. भात दोनदा मागून घ्यायचे. जाऊबाई मला हळूच म्हणायच्या, “आज कुणीतरी पूर्ण वाचलेलं दिसतंय.”

आता या पाट्यांनी गावावर काय जादू केली ती सांगते. ‘या ठिकाणी गावात आलेली पहिली टपालगाडी उलटली’ ही पाटी बेकरीसमोर आहे. बेकरीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, माझ्या पणजोबांच्या पावाच्या वासाने गाडीवानाचं भान हरपलं, म्हणून गाडी उलटली. सलूनच्या ओट्याला लागून दुसरी पाटी, ‘येथे वरच्या व खालच्या वस्तीत पाण्याचा तह झाला’. सलूनवाला सांगतो, दोन्ही बाजूंनी आधी दाढ्या करून घेतल्या, मग बोलणी झाली. तिसरी पाटी मुख्य चौकाच्या कोपऱ्यावर, मोठ्या झाडाखाली, टेलरमावशींच्या खोलीच्या भिंतीला खेटून. ‘या जागी गावाची पहिली विहीर होती.’

टेलरमावशी म्हणजे गावाचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. नवरा गेल्यावर त्या एका खोलीत, एका शिलाई मशीनवर त्यांनी दोन मुली शिकवल्या, लग्नं करून दिली. पँटची चेन, उशीचे अभ्रे, शाळेचे गणवेश, सगळं तिथे. कुणी कपडे घ्यायला आलं की मावशी मशीन थांबवायच्या, बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, “ऐका. खालून पाणी ऐकू येतं. विहीर आहे ना खाली.” गिऱ्हाईक श्वास रोखून ऐकायचं. पाहुण्यांना मुद्दाम घेऊन यायचं. विहिरीने मावशींचा धंदा चांगला चालवला होता, आणि एक दिवस तीच विहीर त्यांच्या मुळावर आली.

त्या सकाळी आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात होतो, भाऊजी जेवायला बसले होते. मावशी गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन आत आल्या.

“कुठे आहेत पाटीवाले? विचारा त्यांना, माझी खोली पाडताना पाटी तरी वाचवणार का?”

हातातला कागद त्यांनी ओट्यावर आपटला. पालिकेत नवीन साहेब आले होते. गावाची जुनी विहीर मोकळी करायची, भोवती कठडा बांधायचा, बाक ठेवायचे असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी पाटीमागची खोली पाडणार. हरकत असेल तर मंगळवारी सभेला या, असं कागदात लिहिलं होतं.

“पण विहीर खोलीखालीच आहे असं कुणी सांगितलं त्यांना?” मी विचारलं.

मावशी धपकन खाली बसल्या. “मीच! साहेब पाटी वाचत उभे होते. मी आत बोलावलं, खुर्ची दिली, पंखा लावला, आणि वर सांगितलं, मशीन थांबवली की पाणी ऐकू येतं म्हणून. त्यांनी किती कौतुकाने ऐकलं! मला वाटलं, मोठं गिऱ्हाईक मिळालं.”

“मग येतं का ऐकू?” जाऊबाईंनी विचारलं.

“येतं की. म्हणजे... समोर कुणी असलं की येतं.”

हसू आलं, पण मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. या वयात मशीन उचलून कुठे जाणार होत्या? मुलींच्या सासरी? मी त्यांना पाणी दिलं. देव बघतोय, म्हटलं. त्या गेल्या तशा मी आणि जाऊबाईंनी एकदमच भाऊजींकडे बघितलं. मीठ चिमूटभर कमी पडलं तरी बोलणारा माणूस ताटातल्या भाताला बोटाने कोपरे काढत बसला होता.

“विहीर तिथे नाही,” भाऊजी ताटालाच म्हणाले.

“म्हणजे?”

“चौकाच्या मधोमध आहे. बाईंनी मला तिथे उभं राहून जागा दाखवली होती.”

“मग पाटी कोपऱ्यावर कशी गेली?” जाऊबाई म्हणाल्या. “चालत?”

“ऊन होतं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांनी पहिली पाटी लावली ती रस्त्याच्या उघड्या वळणावर, अगदी बाईंनी सांगितली तिथे. मोठ्या हौसेने आईला, म्हणजे आमच्या सासूबाईंना, दाखवायला घेऊन गेले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. भाऊजी वाचून दाखवू लागले, तर पहिल्याच ओळीला त्यांना भोवळ आली. “राहू दे रे, उरलेलं घरी सांग,” म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढून निघाल्या. लोखंड एवढं तापलं होतं की हात लावला तर चटका. त्यानंतर कितीतरी दिवस भाऊजी लांबून बघत राहिले. त्या पाटीपुढे कुणी थांबेना. एके दिवशी त्यांनी खांब उपटला आणि पलीकडच्या भिंतीच्या सावलीत लावला. दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्याने शेवटपर्यंत वाचलं.

“मग पुढची प्रत्येक पाटी...” जाऊबाईंनी श्वास घेतला. “टपालगाडी?”

“बेकरीच्या पुढे पत्रा आहे ना, त्याच्याखाली बरं पडतं.”

“तह?”

“सलूनच्या ओट्यावर दुपारनंतर छान गारवा असतो.”

“आणि ती घोड्यांची लढाई? जी सिनेमागृहाच्या सज्जाखाली आहे?”

भाऊजींनी भाताचा आणखी एक कोपरा काढला.

“अहो,” जाऊबाईंनी कपाळाला हात लावला, “तुम्ही अख्ख्या गावाचा इतिहास उचलून सावलीला नेऊन बसवलात!”

त्यांना हसावं की रडावं कळेना, मलाही कळेना. पण भाऊजींचं तोंड बघवत नव्हतं. निवृत्ती तोंडावर आलेली. आयुष्यभर एकच गोष्ट केली, आणि तीच चुकीची आहे असं भरसभेत सांगायचं. बेकरीवाला, सलूनवाला, सगळे अंगावर येणार. आणि बाई? घरोघर म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून त्यांनी एकेक जागा शोधली होती. न सांगावं, तर मावशींची खोली जाणार.

“तुझं देवाशी बरं आहे,” ते मला म्हणाले. “माझ्यासाठी एक शब्द टाक ना.”

“देवाच्या कानावर घालते मी,” म्हटलं, “पण साहेबांच्या कानावर तुम्हालाच घालावं लागेल, भाऊजी.”

मंगळवारी सभागृह भरलं होतं. साहेब मधे, बाजूला काठीवर हनुवटी टेकून इतिहासाच्या बाई. मावशी पहिल्या रांगेत टेप मुठीत आवळून. हरकत कुणाची आहे असं विचारताच भाऊजी उठले आणि एका दमात सगळं बोलून गेले. कुठली पाटी कुठून कुठे हलवली, सगळं. बोलून झाल्यावर बसले नाहीत. फटका पडायची वाट बघत उभे राहिले.

पण फटका पडलाच नाही, कारण कुणाचा विश्वासच बसला नाही!

साहेब समजुतीने हसले. “मावशींची खोली वाचावी म्हणून तुम्ही बोलताय. तुमच्या भावना मी समजू शकतो.”

“भला माणूस आहे, साहेब,” बेकरीवाला उठून म्हणाला. “दुसऱ्यासाठी स्वतःवर आळ घेतोय. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. टपालगाडी आमच्याच दुकानापुढे उलटली.”

“तहाच्या दाढ्या आमच्याकडेच झाल्या,” सलूनवाला म्हणाला.

बाईंनीही मान हलवली. “शक्य नाही. मी जागा दाखवली की तो दर वेळी ‘हो बाई’ म्हणायचा. मजकूर माझाच, मग मी कशाला पुन्हा वाचायला जाऊ?”

“‘हो’ मी तुमच्यासमोर म्हणायचो, बाई,” भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले. “पाटी तुम्ही घरी गेल्यावर लावायचो.”

लोक हसले. मावशींचा चेहरा मात्र उतरत चालला होता. खरं सांगूनही काही उपयोग होईना. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, त्यांना बोलायचं बळ दिलंस, आता ऐकणाऱ्यांना कानही दे. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. जाऊबाई उठल्या होत्या. भाजीवालीशिवाय बाहेर कुणावर आवाज न चढवणारी बाई.

“साहेब, ऐन दुपार आहे. चला माझ्याबरोबर गावातून. एक तरी पाटी उन्हात उभी दाखवा. दाखवलीत तर मी सगळ्यांसमोर म्हणेन, माझा नवरा खोटं बोलतो. तसं म्हणायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.”

साहेब तरुण होते, पैज म्हटल्यावर उठले. मागोमाग सगळी सभा उठली.

ती वरात मी जन्मात विसरणार नाही. डोक्यावर ऊन नुसतं ओतत होतं. साहेबांनी रुमाल डोक्यावर घेतला, बेकरीवाल्याने कागदी पिशवी. पण पाटी आली की हुश्श! बेकरीच्या पत्र्याखाली गार. जुन्या शाळेची पाटी, औषधाच्या दुकानाच्या छपराखाली. जुन्या वेशीची पाटी, भिंतीच्या आडोशाला. प्रत्येक पाटीपाशी लोक थांबत, घाम पुसत, दुसरं करायला काही नाही म्हणून पाटी वाचत आणि निघताना कुरकुरत. पाटीवाले मधे गर्दीत पाय ओढत चालले होते आणि कुणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं की तशा अवस्थेतही त्यांची नजर तिकडे जात होती. मी बघितलं ना.

सलूनच्या ओट्यापाशी बाई थबकल्या. काठीने ओटा मोजल्यासारखा करून म्हणाल्या, “तहाला दोन्ही वस्त्यांमधली सगळी कर्ती माणसं आली होती. ती या ओट्यावर बसली?”

“दाटीवाटीने बसली असतील, बाई,” सलूनवाला म्हणाला.

सिनेमागृहाच्या सज्जाखाली त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. वर सज्जाकडे बघितलं. मग समोरच्या तापलेल्या मोकळ्या मैदानाकडे बघितलं. आणि काठी उचलली. भाऊजी एवढे उंच, पण बाईंपुढे शाळकरी पोरासारखे आक्रसले.

“घोडे काय तिकीट काढून आले होते?”

“नाही, बाई.”

“इतिहासातली माणसं काय सावली शोधून शोधून लढत होती? ऊन लागतं म्हणून तू माझी लढाई रस्त्यापलीकडे नेलीस?”

“उन्हातली पाटी कुणी वाचत नाही हो, बाई.”

“नाही वाचली तर नाही वाचली! पण ज्याने वाचली त्याला खोट्या जागी उभं केलंस ना? माझ्या म्हाताऱ्यांनी बोट धरून दाखवलेल्या जागा होत्या रे त्या.”

भाऊजी खाली मान घालून उभे राहिले. गावातली एकही पाटी उन्हात सापडली नव्हती. साहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढला, पिळला आणि म्हणाले, “चौकात खणून बघू.”

चौकाच्या मधोमध, बाईंनी काठी टेकली तिथे, पालिकेच्या माणसांनी डांबर फोडलं. कमरेएवढं खणलं असेल-नसेल, गोलाईत रचलेल्या दगडांची कड लागली. मावशी खड्ड्यात इतक्या वाकल्या की जाऊबाईंनी मागून त्यांना धरून ठेवलं. साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, खोलीला हात लागणार नाही. मावशींनी साहेबांना चार उशांचे अभ्रे फुकट शिवून द्यायचं कबूल केलं आणि तिथल्या तिथे टेप काढून उशा केवढ्या ते विचारलं.

एक सांगते. मावशी अजूनही मशीन थांबवून बोट वर करतात. जाऊबाईंनी एकदा हटकलं, “मावशी, विहीर चौकात निघाली ना?” तर म्हणाल्या, “विहीर असेल तिकडे. पाणी काय एका जागी बसतं?”

भाऊजींना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कडक समज दिली, निवृत्तीच्या आधी सगळ्या पाट्या खऱ्या जागी लावायचं फर्मान काढलं. देखरेखीला बाई. त्या काठी टेकत पुढे, हे खांद्यावर खांब घेऊन मागे. खड्डा खणून होईपर्यंत बाई तिथून हलत नसत. सुरुवातीला त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. टपालगाडीच्या पाटीपर्यंत ‘अरे डावीकडे’ एवढ्यावर आल्या. लढाईच्या पाटीला घरून दोघांसाठी ताक आणलं. मैदानात ऊन इतकं होतं की पदराने तोंड पुसत स्वतःशीच पुटपुटल्या, “वेडं असलं तरी पोर फारसं चुकीचं नव्हतं.” भाऊजींनी ते ऐकलं. ऐकू न जाण्याची कला त्या दिवशी त्यांनी वापरली नाही.

सलूनवाल्याने पाटी गेल्याचा चार दिवस शोक केला. बेकरीवाल्याने त्यावर कडी केली. स्वतःच्या खर्चाने नवी पाटी रंगवून पत्र्याखाली लावली: ‘या ठिकाणी टपालगाडीची पाटी होती.’ बाईंनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “यात चूक काढता येत नाही.”

विहिरीची पाटी सगळ्यांत शेवटी लागली. चौकाच्या मधोमध आता दगडी कठडा आहे, आत विहिरीचं तोंड, कडेला पाटी. जागा अचूक, अक्षर देखणं, खांब ओळंब्यात सरळ. आणि डोक्यावर झाड ना छप्पर. लोक रस्ता ओलांडताना एक डोळा बारीक करून पाटीकडे बघतात आणि सुटतात. भाऊजी निवृत्त झाले तरी रोज लांबून बघायचे आणि घरी येऊन भात एकदाच घ्यायचे. जाऊबाईंना ते सोसवेना.

“घेऊन जा मग झाडाखाली पुन्हा, एवढा जीव तुटतो तर.”

“पाटी हलवायची नाही. बाईंना शब्द दिलाय.”

मग एके दिवशी भाऊजी सकाळीच बाहेर पडले आणि खांद्यावर खांबाऐवजी रोपटं घेऊन चौकात गेले. कठड्याला लागून खड्डा खणला. खड्ड्याचा हात तर बसलेलाच. बाई नेमक्या तिथून चालल्या होत्या.

“आता काय उद्योग?”

“पाटी हलवायची नाही म्हणालात, बाई. सावली हलवायला मनाई आहे का?”

बाईंनी रोपट्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि काठीच्या टोकाने माती थोडी सारखी करून पुढे गेल्या.

रोपटं अजून गुडघ्याएवढं आहे. त्याची सावली एखाद्या मांजरीला पुरेल. म्हणून दुपारी भाऊजी स्वतःच तिथे मोठी काळी छत्री घेऊन उभे राहतात. कुणी पाटीपाशी थांबलं की न बोलता त्याच्या डोक्यावर धरतात. परगावचे लोक दचकतात, मग हसतात, मग वाचतात.

“माझ्या डोक्यावर उभ्या जन्मात कधी छत्री धरली नाही,” जाऊबाई मला रोज ऐकवायच्या. “परक्या माणसांवर बघा कशी धरतात!”

काल मी पोस्टातून येत होते. चौकात भाऊजी छत्री धरून उभे, आणि छत्रीखाली डबा घेऊन आलेल्या जाऊबाई. ती पाटी त्यांना तोंडपाठ आहे. रंगवली तेव्हा आमच्याच अंगणात वाळत पडली होती. तरी त्या एकेका शब्दावर बोट ठेवत, सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचत होत्या. शेवटच्या ओळीला पोचल्या आणि पुन्हा वरून सुरू केलं. भाऊजींचा हात दुखत असणार, पण छत्री हलली नाही.

मी हाक न मारता घरी आले. देवापुढे हात जोडले आणि भाताला थोडं जास्त आधण ठेवलं.